कनूच्या तीन अटी आणि एक बंद पाकीट

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या बहिणीची मुलगी एक दोनशे पानी वही घेऊन आमच्याकडे आली. "खाला, एवढी तपासून द्या. शुद्धलेखन चुकलं की सर गुण कापतात," म्हणाली. वीस वर्षे हिंगणघाटात उर्दू आणि मराठी शिकवल्यावर नात्यातल्या मुलांच्या वह्या तपासणे हे आमचे फर्जच झाले आहे. लाल पेन घेऊन आम्ही बसलो.

बसताना मनात दुसराही एक विचार होता, तो कबूल करतो. ही मुलगी बारावीनंतर नागपूरला फोटोग्राफीचा डिप्लोमा करते. तिच्या अब्बांना, म्हणजे आमच्या दूल्हाभाईंना, ते पहिल्यापासून पसंत नाही. पदवी घे, बी.एड. कर, खालासारखी शाळेत लाग, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या वर्षाची फी भरण्याआधी त्यांनी आम्हाला फोन केला होता, "आपा, तुमचं ती ऐकते. जरा समजवा." आम्ही हो म्हटले होते. खरे सांगायचे तर आमचेही मत त्यांच्यासारखेच होते. लग्नाचे अल्बम आणि वाढदिवसाचे केक यांपलीकडे फोटोग्राफीत शिकण्यासारखे असते तरी काय, असे वाटायचे.

वहीचा विषय असा होता की नामवंत फोटोग्राफर निवडायचे, प्रत्येकाचा एकच फोटो अर्धा तास पाहायचा आणि आपल्याला काय वाटले ते लिहायचे. फोटोग्राफरचे चरित्र लिहायचे नाही, कौतुकही करायचे नाही.

पहिल्या पानावर मुलीने लिहिले होते की कॅमेरा हा शब्द अरबी 'कमरा'वरून आला. येथेच आमचे लाल पेन चालले. हे वाक्य मोबाइलवर फार फिरते आणि आपल्याला सुखावते, पण ते बरोबर नाही. शब्द लॅटिन आहे, अर्थ खोली. आपल्या बोलण्यातला 'कमरा' पोर्तुगीजांकडून आला आणि तोही त्याच लॅटिन शब्दाचा. कॅमेरा आणि कमरा ही एका आईची दोन लेकरे आहेत, एवढेच. अभिमानच वाटून घ्यायचा तर इब्न अल्-हैसम यांचा वाटावा. बसऱ्यात जन्मलेल्या या विद्वानाने हजार वर्षांपूर्वी कैरोमध्ये अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून प्रकाश आत घेऊन प्रयोग केले आणि 'किताब अल्-मनाझिर' लिहिली. तिने वाक्य खोडून हे लिहिले. मास्तरकी सफल झाली, असे वाटून आम्ही पान उलटले.

पुढे होमाई व्यारावाला. जन्म १९१३, नवसारीचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेलेल्या. सुरुवातीचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापून येत. दिल्लीत साडी नेसून, कॅमेऱ्याचे ओझे घेऊन त्या सायकलवर हिंडल्या. १९४७ चे सत्तांतर, नेहरू, माउंटबॅटन सगळे त्यांनी टिपले आणि १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. नव्या फोटोग्राफरांचे वागणे त्यांना पटेनासे झाले होते. यावर मुलीने चारच ओळी लिहिल्या होत्या. शेवटची अशी: "त्यांनी काम सुरू कसं केलं हे सगळे सांगतात. मला त्यांनी ते थांबवलं का, हे जास्त महत्त्वाचं वाटतं."

त्या ओळीखाली आम्ही पेनाने काही केले नाही.

हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरवर मात्र तीन पाने होती, आणि आम्हा खाला-भाचीचा वादही तिथेच झाला. फोटो १९४८ चा, श्रीनगरचा. हरिपर्वताच्या उतारावर काही स्त्रिया आहेत, बहुतेकींची पाठ आपल्याकडे. एक उभी आहे, तिचे दोन्ही हात पुढे पसरलेले. समोर दरी, ढग, डोंगर. चेहरा जवळजवळ कोणाचाच दिसत नाही. हा फोटो पाहून आमच्या तोंडून आपोआप 'सुभानअल्लाह' निघाले. अशी पाठ आम्ही रोज पाहतो. फज्रनंतर अंगणात दुआ मागणारी अम्मी पाठमोरी अशीच दिसते.

पण फोटोखाली जी ओळ छापतात तिचा अर्थ असा, की मुस्लिम स्त्रिया हिमालयामागून उगवणाऱ्या सूर्याकडे तोंड करून प्रार्थना करीत आहेत. मुलीने ती ओळ जशीच्या तशी उतरवली होती. आम्ही विचारले, "अगं, कोणती मुसलमान बाई सूर्याकडे बघून दुआ मागते?" हरिपर्वतावर हजरत मखदूम साहेबांची जियारत आहे. बाया तिथे येतात, हात पसरतात. सकाळची वेळ, त्यामुळे सूर्य समोर होता एवढेच. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "खाला, म्हणजे फोटो बरोबर आहे आणि ओळ चूक आहे." अगदी तेच. बघणारा डोळा सच्चा असला तरी बघितलेल्याचा अर्थ लावायला त्या माणसांत बसावे लागते. आपल्या घरांविषयी, आपल्या बायांविषयी जे फोटो छापून येतात त्यांतल्या कितीतरींचे दुखणे फोटोत नसते, खालच्या ओळीत असते.

याच माणसाचे १९५२ चे पुस्तक इंग्रजीत 'निर्णायक क्षण' अशा अर्थाच्या नावाने गाजले. फ्रेंच नावाचा अर्थ मात्र 'घाईघाईने, चोरून घेतलेली चित्रे' असा काहीसा होतो. हे तिच्या सरांनी वर्गात सांगितले होते. मुलीने 'चोरून' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्या रेघा कशाच्या, हे आम्हाला पुढे कळले.

आता वर्धा जिल्ह्यात राहून फोटोग्राफीवर वही लिहायची आणि सेवाग्राम टाळायचे, हे कसे जमणार? नागपूरला जाताना रोज तिच्या गाडीच्या खिडकीतून सेवाग्राम स्टेशनची पाटी जाते. गांधीजी १९३६ मध्ये शेगाव नावाच्या या खेड्यात राहायला आले, १९४० मध्ये त्याचे नाव सेवाग्राम झाले, आणि मग जगभरचे कॅमेरे गांधीजींच्या मागे लागले.

त्यांतली अमेरिकेची मार्गारेट बर्क-व्हाइट सर्वांना माहीत आहे. नाव नाही तरी फोटो. पुढे चरखा, मागे गादीवर बसलेले गांधीजी. हा १९४६ चा, पुण्यातला. तिला आधी सांगण्यात आले की गांधीजींचा फोटो हवा तर सूत कातायला शिका. बाई शिकली. गांधीजींचा तो मौनाचा दिवस होता, आणि प्रखर उजेड त्यांना सोसत नसे, म्हणून फ्लॅशचे फक्त तीन दिवे वापरायची परवानगी मिळाली. दोन वाया गेले. तिसऱ्यावर आला तो हा फोटो. गांधीजी तिला गमतीने 'छळणारी' म्हणत.

मुलीने एक गोष्ट हेरली होती, जी आम्ही इतकी वर्षे पाठ्यपुस्तकात हा फोटो पाहूनही हेरली नव्हती. गांधीजी त्यात कातत नाहीत. ते कात्रणे वाचत आहेत. चरखा नुसता पुढे उभा आहे. "सगळे म्हणतात सूत कातणारे गांधी. नीट बघितलं तर कातायला त्या बाईला शिकावं लागलं," असे तिने लिहिले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही शिक्षकांच्या खोलीत तिघांना विचारले. तिघेही 'कातताहेत' म्हणाले.

पण तिचा जीव जडला होता तो कनूवर. कनू गांधी, गांधीजींच्या पुतण्याचा, नारणदासांचा मुलगा. जन्म १९१७. त्याला डॉक्टर व्हायचे होते. घरच्यांनी आश्रमात आणले. तेथे तो हिशेब आणि कारकुनीची कामे करी. विनोबांचे भाऊ शिवाजी भावे यांनी त्याला फोटोची गोडी लावली म्हणतात. त्याने कॅमेरा मागितला तर गांधीजी म्हणाले, पैसे नाहीत. शेवटी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलीफ्लेक्स आला. गांधीजींनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. 'असे बसा, इकडे बघा' म्हणायचे नाही. आणि या नादाचा खर्च आश्रम करणार नाही.

या अटींवर कनूने दहा वर्षे, १९३८ पासून १९४८ पर्यंत, गांधीजींचे फोटो काढले. टेलिफोन कानाला लावलेले गांधीजी, वजनकाट्यावर उभे असलेले गांधीजी, नोआखालीत फाळणीपूर्वीच्या दंगलींनंतर पायी हिंडणारे गांधीजी. गांधीजींच्या इतक्या जवळ इतकी वर्षे दुसरा कोणी कॅमेरेवाला नव्हता. तरी बर्क-व्हाइटचे नाव जगाला ठाऊक आणि कनूचे नाव त्याच्याच जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या शिक्षकांना ठाऊक नाही. तो १९८६ मध्ये वारला.

आम्ही दोघी एका सकाळी सेवाग्रामला गेलो. मुलीने कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. आदिनिवास, बा-कुटी, बापूकुटी. मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर, बारीक खिडक्या. तासभर ती नुसता उजेड कोठून आत येतो ते बघत बसली. मग आम्हाला समजावले, "खाला, या अंधारात फ्लॅशशिवाय फोटो म्हणजे काचेचं दार जास्त वेळ उघडं ठेवायचं. समोरचा हलला की गेला. म्हणून कनूला आधी वाट बघायला शिकावं लागलं असेल." शिवण शिकवताना अब्बा आम्हाला असेच सांगत, कापड आधी हाताने बघ, मग कात्री लाव. अब्बा शिंपी होते.

व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी सरकारने आश्रमात बसवलेला टेलिफोन अजून तेथे आहे. परचुरे शास्त्रींची कुटीही आहे. या संस्कृत पंडिताला कुष्ठरोग झालेला, आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. तोही फोटो प्रसिद्ध आहे. त्या कुटीसमोर मुलीने विचारले, "आजारी माणसाचा फोटो काढायला कोणाला विचारायचं? त्याला, की जो सेवा करतो त्याला?" आम्ही म्हटले, त्यालाच. म्हणाली, "आणि तो नाही म्हणाला तर?"

याचे उत्तर कनूच्याच गोष्टीत आहे. फेब्रुवारी १९४४, पुण्याचा आगाखान पॅलेस. कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत होत्या. कनू जवळ होता, घरचाच मुलगा. गांधीजींनी त्याला तो फोटो काढू दिला नाही. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. "तो फोटो नाही, आणि तरीही मला तो दिसतो," हे वाक्य लिहून तिने अर्धे पान कोरे सोडले होते.

आता ते 'चोरून' या शब्दाचे. समुद्रपूर तालुक्यात गिरडला टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. आपले लोक जातात, हिंदू भाऊबंदही तितकेच जातात. व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाल्याची कथा सांगून सुपारीसारखे गोल खडे तेथे दाखवतात. पहिल्या सत्रात ही मुलगी कॅमेरा घेऊन गिरडला गेली होती. पायरीवर एक म्हातारी टेकून बसलेली. हिने कॅमेरा उचलला तसा बाईने चेहऱ्यापुढे हात धरला. आणि हिने बटण दाबले. वर्गात तोच फोटो सर्वांत जास्त वाखाणला गेला. सुरकुतलेला हात, बोटांच्या फटीतून एक डोळा. प्रदर्शनातही निवडला. वहीत तिने लिहिले आहे: "ज्या फोटोत बाई नको म्हणते आहे, तोच माझा सगळ्यात चांगला फोटो ठरला." प्रदर्शनातून तिने तो परत घेतला. गुण गेले. पुढच्या जुमेरातला ती गिरडला पुन्हा गेली, ती म्हातारी भेटली नाही.

दूल्हाभाईंना हे ठाऊक नव्हते. आम्ही त्यांना फोनवर सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांना आम्ही दानिश सिद्दीकींविषयीचे पानही वाचून दाखवले. दिल्लीच्या जामिया मिल्लियात शिकलेला हा मुलगा. वडील तेथेच शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक. आमच्या बी.एड.ला 'वर्धा योजना' पाठ करावी लागे, म्हणजे १९३७ ची वर्ध्याची परिषद आणि जामियाच्या डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालची समिती. हाताने काम करीत शिकणे, हा तिचा गाभा. त्याच जामियातल्या शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकाच्या मुलाने हातात कॅमेरा घेतला, याला काय म्हणावे ते ज्याचे त्याने ठरवावे. दानिशने २०१७ मध्ये होडीतून बांगलादेशाच्या किनाऱ्यावर उतरलेली, थकून वाळूला हात टेकणारी रोहिंग्या स्त्री टिपली. रोहिंग्यांवरच्या कामासाठी २०१८ मध्ये रॉयटर्सच्या चमूबरोबर त्याला पुलित्झर मिळाले. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दकजवळ तो मारला गेला. जामियाच्या कब्रस्तानात दफन झाला. मुलीने त्या वाळूतल्या हाताविषयी लिहिले होते: "ती जमिनीला नाही, जिवंत असण्याला हात लावून बघते आहे." यातही मुलगी नाही, मुलीचा बाप बोलावा तसे दूल्हाभाई बोलले: "आणि त्याच्या बापाचं काय झालं असेल?" हे आमच्या मनात आले नव्हते.

शेवटचा फोटो रघु राय यांचा. भोपाळ, डिसेंबर १९८४. मातीत झोपवलेले एक अनोळखी लेकरू, डोळे उघडे, आणि त्याच्या कपाळावर एक हात. तोच क्षण पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत फिल्मवर टिपला आणि त्याला जागतिक पुरस्कार मिळाला. राय यांचा काळा-पांढरा. राय यांनी सांगितले आहे की माती लोटून झाली होती, पण माणसाला राहवले नाही. शेवटचे एकदा बघायला त्याने चेहऱ्यावरची माती बाजूला केली.

आपल्याकडे याला आखरी दीदार म्हणतात. जनाजा उठण्याआधी चेहरा उघडतात, लेकी-सुना, शेजारणी एकेक करून बघतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये अब्बा गेले तेव्हा ते आमच्या नशिबात नव्हते. मय्यत प्लास्टिकमध्ये आली, दवाखान्यातून थेट कब्रस्तानात गेली, चौघांनी माती दिली. अम्मी दारात उभी होती. तिला काहीच बघायला मिळाले नाही. आणि घरात अब्बांचा फोटो नव्हता. गरजेपुरता सोडून फोटो काढू नये, हे त्यांचे मत. कॅमेऱ्याचा फोटो तस्वीर की अक्स, यावर उलेमांत मतभेद आहेत. अब्बा कोणाशी वाद घालत नसत, पण स्वतः कधी काढू देत नसत. मतदार कार्डावर होता तो पाहून स्वतःच म्हणत, "ये कौन चोर है?"

भोपाळच्या फोटोवर मुलीने दीड पान लिहिले होते. शेवटी हे होते: "माझ्याकडे नानांचा एक फोटो आहे. मार्च २०२१. ते मशीनवर बसले होते, सुईत दोरा ओवत होते. मी मम्मीच्या मोबाइलवर काढला. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. चार वर्षं कोणालाच दाखवला नाही. प्रिंट काढून पाकिटात ठेवला आहे. कनूला बापूंनी नाही म्हटलं तर त्याने कॅमेरा खाली ठेवला. मी ठेवला नाही. खाला सांगेल तसं."

पाकीट मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेले होते.

शुद्धलेखनाच्या चुका आम्ही दुरुस्त केल्या. पाकिटाला अकरा दिवस हात लावला नाही. मनात आले की बघावे. आमचे बाप ते. मग वाटे, ज्यांनी आयुष्यभर नको म्हटले त्यांचा नकार त्यांच्यामागे आम्ही कोण मोडणार? आणि अम्मीपासून लपवायचा तरी हक्क कोणाचा? पाठीमागून कोणाला विचारायचे, ही परचुरे कुटीसमोरची गोष्ट आमच्याच घरात येऊन बसली.

एव्हाना जून उजाडला होता. दुसऱ्या वर्षाची फी दूल्हाभाईंनी भरली, बी.एड.ची माहितीपत्रके अजून गोळा करतात, ती गोष्ट वेगळी.

जुमेरातच्या संध्याकाळी आम्ही अम्मीला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. मुलगी समोर बसलेली, मान खाली. अम्मीने ताट बाजूला ठेवले नाही, खडे वेचतच विचारले,

"चश्मा लगाए हुए थे क्या?"

"हां नानी. नाक पे उतरा हुआ था."

अम्मी थोडे हसली. म्हणाली, चष्मा उतरला की ते डोके मागे टाकून सुईकडे बघत, आणि जिभेचे टोक बाहेर येई. मुलगी म्हणाली, हो, आले आहे.

पाकीट अम्मीने घेतले. आता ते तिच्या पेटीत आहे, अब्बांच्या कात्रीशेजारी. अजून तिने ते उघडलेले नाही.